फुटबॉलची ऑफर हातात, पण सोळा कोर्स पुरे आहेत का? एनसीएए पात्रतेची इयत्तावार तयारी

रिपोर्ट कार्डावर जीपीए ३.४, कोचचा दर आठवड्याला फोन, घरात कॉलेजच्या नावाचे टी-शर्टही येऊन पडलेले. आणि बारावीच्या फेब्रुवारीत कॉलेजच्या कंप्लायन्स (नियमपालन) ऑफिसकडून कळते की मुलाचा कोअर जीपीए, म्हणजे फक्त मंजूर मुख्य विषयांचा जीपीए, २.२ आहे आणि पहिल्या वर्षी तो मैदानात उतरू शकणार नाही. आईवडील काऊन्सेलरकडे धावतात. पण जे दुरुस्त करायचे होते त्याची मुदत आदल्या ऑगस्टमध्येच संपलेली असते.

हा लेख अमेरिकेतल्या हायस्कुलात फुटबॉल (म्हणजे हेल्मेटवाला) खेळणाऱ्या मुलांच्या मराठी पालकांसाठी आहे. एनसीएए म्हणजे कॉलेजांमधल्या खेळांचे नियम ठरवणारी संघटना. मुलगा भारतातून नववी-दहावी करून आला असेल, तर टप्पा ६ आधी वाचा.

## आधी चार खाती वेगळी करा

बहुतेक घोटाळा इथे होतो. अभ्यासाची पात्रता चार ठिकाणी, चार वेगळ्या नियमांनी मोजली जाते:

- हायस्कूलच्या टीममध्ये खेळण्याची पात्रता. ही राज्य ठरवते. टेक्सासात 'नो पास, नो प्ले' म्हणजे प्रत्येक विषयात ७० मिळाले की मुलगा शुक्रवारी खेळतो.
- हायस्कूल पदवी. ही राज्य आणि स्कूल डिस्ट्रिक्ट ठरवतात.
- एनसीएएची पात्रता. ही एनसीएए एलिजिबिलिटी सेंटर ठरवते, तीही ठरावीक यादीतल्या ठरावीक कोर्सवरून.
- कॉलेजचा प्रवेश. हा त्या कॉलेजचे ॲडमिशन ऑफिस ठरवते. एनसीएएने पात्र ठरवलेला मुलगाही व्हँडरबिल्ट किंवा राइसमध्ये प्रवेशालाच अडकू शकतो. आयव्ही लीगची तर गुणांची स्वतःची मोजदाद आहे, आणि तिथे खेळाची शिष्यवृत्ती मुळातच नसते.

'तो टीममध्ये खेळतोय म्हणजे अभ्यासाचे ठीक असणार' हे वाक्य पहिल्या खात्यातले आहे. तिसऱ्या खात्यात त्याला काही किंमत नाही.

एनसीएए कॉलेजांचे तीन गट करते. पुढचे टप्पे मुख्यतः सर्वांत वरच्या गटासाठी, म्हणजे डिव्हिजन वनसाठी आहेत. डिव्हिजन टूचे नियम थोडे सैल आहेत, ते जागोजागी सांगितले आहेत. डिव्हिजन थ्रीमध्ये अभ्यासाची पात्रता ज्याचे त्याचे कॉलेज पाहते, एलिजिबिलिटी सेंटर नाही.

## टप्पा १: शाळेची मंजूर कोर्सची यादी काढा (आठवीचा उन्हाळा किंवा नववीचा पहिला महिना)

प्रत्येक हायस्कूलची एनसीएएकडे मंजूर कोर्सची यादी असते. एलिजिबिलिटी सेंटरच्या वेबसाइटवर शाळेच्या नावाने किंवा शाळेच्या सहा अंकी सीईईबी कोडने ती कुणालाही पाहता येते. लॉगिन लागत नाही. इंग्लिश, गणित, विज्ञान, सोशल सायन्स आणि इतर असे गट त्यात असतात. यादी छापून घ्या आणि मुलाचे वेळापत्रक शेजारी ठेवून एकेक नाव ताडून पाहा.

ताडताना कोर्सचे नाव पाहा, विषय नव्हे. ट्रान्सक्रिप्टवर जे शीर्षक छापले जाते तेच यादीत हवे. शाळेने यंदा कोर्सचे नाव बदलले आणि यादीत जुनेच नाव राहिले, तर तो कोर्स मोजला जात नाही. अशा वेळी काऊन्सेलरने एनसीएएकडे नवे नाव नोंदवायचे असते. हे काम पालक करू शकत नाहीत, फक्त मागे लागू शकतात. लागा.

हे कोर्स शाळेत क्रेडिट देतात, पण कोअर नसतात:

- पीई, हेल्थ, बँड, आर्ट, ड्रायव्हर एज्युकेशन, वेट ट्रेनिंग, ॲथलेटिक्स पीरियड
- कन्झ्युमर मॅथ, बिझनेस मॅथ यांसारखे अल्जिब्रा १ च्या खालचे गणित
- इयत्तेच्या पातळीखालचे, मागे पडलेल्यांसाठीचे इंग्लिश
- ईएसएलचे (इंग्लिश मातृभाषा नसलेल्यांसाठीचे) बहुतेक कोर्स. यादीत नाव असेल तरच धरा

सावधान: अल्जिब्रा १ दोन वर्षांत विभागून शिकवतात, 'अल्जिब्रा १ए' आणि '१बी'. शाळा दोन क्रेडिट देते. एनसीएए त्याचे एकच धरते. गणिताची तीन वर्षे भरली असे समजून बसलेल्या घरात हा एक कोर्स नेमका कमी निघतो.

सावधान, खास देशी घरांसाठी: उन्हाळ्यात परीक्षा देऊन कोर्स 'उडवण्याची' आपल्याकडे हौस असते. जॉमेट्रीची क्रेडिट-बाय-एक्झाम दिली, वर्ल्ड हिस्टरी तशीच काढली, काही डिस्ट्रिक्टमध्ये मातृभाषेची परीक्षा देऊन वर्ल्ड लँग्वेजचे क्रेडिट मिळवले. शाळा हे सगळे मान्य करते. एनसीएए परीक्षेने मिळालेले क्रेडिट कोअर म्हणून धरत नाही. मुलगा हुशार आहे, कॅल्क्युलसपर्यंत पोचला आहे, आणि तरी एनसीएएला लागणाऱ्या सोळा कोअर कोर्सांत दोन कमी, असे यामुळेच होते. परीक्षा खुशाल द्या, फक्त ते क्रेडिट सोळात मोजू नका.

आठवीत केलेला अल्जिब्रा १ किंवा स्पॅनिश १ मात्र चालतो, जर तो हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर ग्रेड आणि क्रेडिटसह दिसत असेल आणि यादीत असेल तर.

## टप्पा २: सोळाचा तक्ता कागदावर मांडा (नववी)

डिव्हिजन वनला १६ कोअर कोर्स लागतात. वाटणी अशी:

- इंग्लिश: ४ वर्षे
- गणित (अल्जिब्रा १ किंवा त्यावरचे): ३ वर्षे
- विज्ञान: २ वर्षे, शाळेत लॅब असेल तर त्यात एक वर्ष लॅबचे
- इंग्लिश, गणित किंवा विज्ञानातले आणखी १ वर्ष
- सोशल सायन्स: २ वर्षे
- वरीलपैकी काहीही, किंवा परदेशी भाषा, तत्त्वज्ञान, तौलनिक धर्म: ४ वर्षे

डिव्हिजन टूलाही १६च, पण इंग्लिश ३, गणित २, विज्ञान २, या तिन्हींपैकी आणखी ३, सोशल सायन्स २ आणि इतर ४.

एका वर्षाचा कोर्स म्हणजे १ युनिट, सेमिस्टरचा ०.५, ट्रायमेस्टरचा ०.३४. फळ्यावर चार रकाने आखा, नववी ते बारावी. दर वर्षी चार कोअर घेतले तर सोळा बरोबर भरतात, पण एकही नापास झालेला परवडत नाही. म्हणून नववी-दहावीत दर वर्षी पाच कोअर धरा. एनसीएए हिशेब करताना वाटणी सांभाळून सर्वांत चांगले सोळा उचलते, त्यामुळे जास्तीचा चांगल्या ग्रेडचा कोर्स वाईट ग्रेडला बाहेर ढकलू शकतो. एकोणीस-वीस कोअर केलेल्या मुलाला ही सूट मिळते, मोजून सोळा केलेल्याला मिळत नाही.

## टप्पा ३: कोअर जीपीए स्वतः काढा (प्रत्येक सेमिस्टरनंतर)

शाळेचा जीपीए बाजूला ठेवा. त्यात पीई आणि बँडचे 'ए' मिसळलेले असतात.

ए = ४, बी = ३, सी = २, डी = १. प्लस-मायनस नाही, बी-मायनसही ३ आणि बी-प्लसही ३. ग्रेडचे गुण गुणिले युनिट, सगळ्यांची बेरीज, भागिले १६. एपी किंवा ऑनर्सला शाळा वेटेज देत असेल आणि ते धोरण एनसीएएकडे नोंदलेले असेल, तर त्या कोर्सला जास्तीत जास्त १ गुण वाढतो.

डिव्हिजन वनला किमान २.३ हवे, डिव्हिजन टूला २.२. टक्केवारीच्या भाषेत विचार करण्यापेक्षा एकूण गुण लक्षात ठेवा. वेटेज नसेल तर सोळा युनिटचे ३७ गुण झाले की २.३१ होतो आणि काम झाले. ३६.५ झाले तर २.२८, म्हणजे एका सेमिस्टरच्या एका ग्रेडने गेले.

एक उदाहरण: ३ ए, ४ बी, ६ सी, ३ डी. म्हणजे १२ + १२ + १२ + ३ = ३९, जीपीए २.४४. हा मुलगा पात्र आहे. यातल्या दोन बीच्या जागी सी आले तर ३७. तरी पात्र, पण काठावर.

तपासा: कुठे पास/फेल ग्रेड घेतली आहे का? एनसीएए अशा 'पास'ला शाळेची सर्वांत खालची पास ग्रेड देते, बहुतेक ठिकाणी डी. ताण कमी व्हावा म्हणून घेतलेला हा पर्याय एका युनिटमागे दोन-तीन गुण खातो.

एसएटी-एसीटीची काळजी इथे नको. जानेवारी २०२३ मध्ये एनसीएएने डिव्हिजन वन आणि टूच्या प्राथमिक पात्रतेतून या परीक्षा काढून टाकल्या. प्रवेशासाठी कॉलेज त्या मागू शकते, ते चौथे खाते. अजूनही कुणी पालक 'एसएटी चांगली मारली तर कमी जीपीए चालतो' असे सांगत असेल, तर तो जुना सरकता तक्ता सांगतो आहे.

## टप्पा ४: दहा-सातची अट (अकरावी संपून बारावी सुरू होईपर्यंत)

सगळ्यात जास्त मुले इथे घसरतात, आणि घसरल्याचे कळायला सहा महिने जातात.

डिव्हिजन वनमध्ये सोळापैकी १० कोअर कोर्स सातवे सेमिस्टर सुरू होण्याआधी, म्हणजे बारावीच्या पहिल्या दिवसाआधी, पूर्ण हवेत. आणि त्या दहापैकी ७ इंग्लिश, गणित किंवा विज्ञानातले हवेत. ही अट भरण्यासाठी जे कोर्स लागतात ते बारावी सुरू झाली की कुलूपबंद होतात. पुन्हा करून ग्रेड सुधारता येत नाही, बदलीही देता येत नाही. डिव्हिजन टूला ही अट नाही.

एक ट्रान्सक्रिप्ट जवळून पाहू. अकरावीच्या शेवटी मुलाकडे आहे: इंग्लिश ३, गणित २.५ (अल्जिब्रा २ चे दुसरे सेमिस्टर नापास), विज्ञान १, सोशल सायन्स २, स्पॅनिश २. एकूण साडेदहा. घरात सगळे निश्चिंत, दहा झाले ना! पण इंग्लिश-गणित-विज्ञान मिळून साडेसहाच आहेत. अर्धे युनिट कमी. जून-जुलैत समर स्कूलला अल्जिब्रा २ चे दुसरे सेमिस्टर केले तर प्रश्न मिटतो. तेच सप्टेंबरात केले तर शाळेची पदवी मिळेल, डिव्हिजन वनची पूर्ण पात्रता नाही, मग बाकी ग्रेड कितीही चांगल्या असोत.

कुलपाची दुसरी बाजू ग्रेडची आहे. कुलूपबंद दहांचे गुण २० असतील (सरासरी सी), तर उरलेल्या सहांत १७ गुण मिळवावे लागतात, म्हणजे पाच बी आणि एक सी. कठीण, पण होण्यासारखे. तेच १८ असतील तर सहांत १९ लागतात: पाच बी आणि एक ए. दोन वर्षे सी-डी मिळवणाऱ्या मुलाकडून, ऐन फुटबॉल सीझनमध्ये. म्हणून सुधारणेचा खरा उन्हाळा दहावीनंतरचा, अकरावीनंतरचा शेवटचा.

तपासा, मे महिन्यात, अकरावी संपताना: (क) एकूण कोअर १० की कमी, (ख) इंग्लिश, गणित, विज्ञान मिळून ७ की कमी, (ग) त्या दहांचे गुण किती. तिन्ही आकडे काऊन्सेलरला लिहून पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी 'ही इज फाइन' बहुधा पदवीबद्दल असते.

## टप्पा ५: डागडुजी करताना कोर्स कुठून घ्यायचा

नापास किंवा डी आलेला कोर्स पुन्हा करता येतो. दोन्हींतली चांगली ग्रेड धरतात, युनिट एकदाच. हा दुसरा कोर्स कुठे केला, यावर सगळे अवलंबून आहे.

ऑनलाइन आणि क्रेडिट रिकव्हरी कोर्सना एनसीएएच्या अटी आहेत. शिक्षक आणि विद्यार्थी यांचा कोर्सभर नियमित संपर्क हवा, कोर्सला ठरलेला कालावधी हवा, मजकूर मूळ कोर्सच्या तोडीचा हवा आणि मुलाचे काम तपासणीसाठी उपलब्ध हवे. व्हिडिओ पाहून, प्रश्नमंजुषा पुन्हापुन्हा देऊन नऊ दिवसांत संपणारा 'कोर्स' शाळा मान्य करेल. एनसीएए करेलच असे नाही.

क्रम असा ठेवा: आधी देणाऱ्या संस्थेची एनसीएए यादी पाहा, मग काऊन्सेलरला विचारा, मग पैसे भरा. लोक उलट करतात.

ड्युएल क्रेडिटचा (हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे मोजला जाणारा) कॉलेज कोर्स चालू शकतो, पण हायस्कूलने त्याचे क्रेडिट दिलेले आणि ते ट्रान्सक्रिप्टवर आलेले हवे.

## टप्पा ६: खाते आणि कागद (दहावी-अकरावी)

एलिजिबिलिटी सेंटरचे मोफत प्रोफाइल खाते नववीत उघडले तरी चालते. पण पात्रतेचा निकाल हवा असेल, किंवा कॉलेजची अधिकृत भेट घ्यायची असेल, तर पैसे भरून सर्टिफिकेशन खाते लागते. ऐपत नसेल तर फी माफी आहे, काऊन्सेलरच्या दाखल्यावर.

नाव ट्रान्सक्रिप्टवर जसे आहे तसेच घाला. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचे नाव मधले नाव म्हणून, शाळेत ते गाळलेले, एका ठिकाणी आडनाव आधी. कागद जुळत नाहीत आणि पडून राहतात. प्रत्येक कागदावर एनसीएए आयडी लिहा.

अकरावी संपली की सहा सेमिस्टरचे ट्रान्सक्रिप्ट शाळेने थेट पाठवायचे. तुम्ही स्कॅन करून पाठवलेले चालत नाही. मधे शाळा बदलली असेल तर प्रत्येक शाळेचे स्वतंत्र लागते. नव्या शाळेने जुने ग्रेड आपल्या ट्रान्सक्रिप्टवर उतरवले असले तरीही.

भारतातून आलेल्यांसाठी: नववीपासून पुढचे जे काही शिक्षण महाराष्ट्रात झाले, त्या प्रत्येक वर्षाची कागदपत्रे लागतात. दहावीची गुणपत्रिका बोर्डाची, ती मिळते. अडते ती नववीची, कारण ती शाळा देते, बोर्ड नाही. देश सोडण्याआधीच मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह दोन प्रती घेऊन ठेवा. प्रगतिपुस्तक मराठीत असेल तर मूळ प्रत आणि ओळीला ओळ जुळणारे प्रमाणित इंग्रजी भाषांतर, दोन्ही हवे.

याहून गंभीर गोष्ट घड्याळाची. डिव्हिजन वनमध्ये नववीत पहिल्यांदा पाऊल टाकले की चार वर्षे मोजायला लागतात. जूनमध्ये पुण्यात नववी सुरू केली, जानेवारीत इकडे आलात, आणि शाळेने 'भाषा रुळू दे' म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा नववीत बसवले, तर घड्याळ पुण्यातल्या नववीपासून धरले जाण्याचा धोका आहे. हे प्रवेशाच्या टेबलावर विचारा, बारावीत नव्हे. इथलीच नववी मुद्दाम दुसऱ्यांदा करून मुलाला 'मोठा' करणाऱ्यांनाही हेच लागू.

## टप्पा ७: बारावी

एखाद्या डिव्हिजन वन किंवा टू कॉलेजने मुलाचे नाव आपल्या विनंती यादीत घातल्यावरच सेंटर त्याचे ट्रान्सक्रिप्ट तपासायला घेते. म्हणून खाते 'सगळे अपलोड झाले' दाखवत असून निकाल नसेल, तर कोचला विचारा: यादीत नाव आहे का?

राहिलेले सहा कोअर लागेल ती ग्रेड मिळवून पूर्ण करायचे. ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणाऱ्यांनी १ एप्रिलपासून हौशी (म्हणजे व्यावसायिक खेळाडू नसल्याच्या) दर्जाचे अंतिम प्रमाणपत्र मागायचे. पदवीनंतर अंतिम ट्रान्सक्रिप्ट, ज्यावर पदवीची तारीख छापलेली असेल. तारीख नसेल तर ते अंतिम नाही.

डिसेंबरात पदवी घेऊन जानेवारीत कॉलेजला जाणाऱ्यांनी थांबून वाचावे. स्प्रिंग सराव मिळावा म्हणून फुटबॉलमध्ये ही पद्धत रूढ आहे. यात सात सेमिस्टरांत सोळा कोर्स बसवावे लागतात. हमखास अडते चौथे इंग्लिश. सातव्या सेमिस्टरात त्याचा अर्धाच भाग होतो, दुसरा अर्धा उन्हाळ्यात किंवा त्याच सेमिस्टरात दुहेरी घ्यावा लागतो. तो घाईने ऑनलाइन उरकतात, आणि संस्था यादीत नसते. हा निर्णय दहावीच्या शेवटी घ्या, म्हणजे अकरावीचे वेळापत्रक तसे लावता येते.

## टप्पा ८: कमी पडलेच तर

सोळा पूर्ण, जीपीए २.० ते २.२९९, किंवा दहा-सात हुकले: डिव्हिजन वनमध्ये ॲकॅडेमिक रेडशर्ट. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळू शकते, पहिल्या सत्रात सराव करता येतो, सामना नाही. दुसऱ्या सत्रात सराव चालू ठेवायला पहिल्यात ९ सेमिस्टर क्रेडिट पास व्हावे लागतात. कोचला हे मान्य आहे का, ते आधी विचारा. प्रत्येक कोच अशा मुलासाठी जागा अडवत नाही.

एक कोर्स कमी: वेळेत पदवी घेतलेल्याला डिव्हिजन वनसाठी पदवीनंतर एका वर्षात एकच जादा कोअर कोर्स घेता येतो. 'प्रेप स्कूलला एक वर्ष पाठवू, तो चार विषय सुधारेल' हा बेत इथे कोसळतो. वर्षाची फी भरण्याआधी हे वाक्य पुन्हा वाचा. वेळेत पदवी मिळाली नसेल तर हा एकही मिळत नाही. शिकण्यातली नोंदलेली अडचण, म्हणजे आयईपी किंवा ५०४ प्लॅन असेल, तर ती कागदपत्रे सेंटरकडे वेगळी पाठवा. त्या मुलांना जास्त मुभा आहे.

डिव्हिजन टू: दहा-सात नाही, आणि कॉलेजात पूर्ण वेळ दाखल होईपर्यंतचे कोर्स धरतात. त्यामुळे वरचा प्रेप स्कूलचा बेत इथे चालू शकतो.

एनएआयए (कॉलेज खेळांची दुसरी संघटना) आणि ज्युनियर कॉलेज (इथले दोन वर्षांचे कॉलेज, भारतातली अकरावी-बारावी नव्हे): एनएआयएचे पात्रता केंद्र वेगळे, नोंदणी वेगळी. ज्युनियर कॉलेजातून पुढे डिव्हिजन वनला जायचे असेल तर बदलीचे नियम लागतात, आणि हायस्कुलातून पात्र न ठरलेल्याला ते जास्त कडक आहेत. पहिल्या सत्राचे विषय निवडण्याआधीच ते नियम पुढ्यात ठेवा.

वेव्हर: सवलतीचा अर्ज कॉलेज करते, कुटुंब नाही. तुमच्याकडून लागतात ते पुरावे: आजारपणाच्या नोंदी, शाळाबदलाचे दाखले, काऊन्सेलरने दिलेले चुकीचे लेखी उत्तर. मे महिन्यातली ती ई-मेल म्हणूनच जपून ठेवायची.